जुनी गाडी, स्वस्तातला पार्ट आणि पाच आकडी बिल: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, जुनी वॅगनआर. अशा गाड्या अजून प्रेमाने चालवणारे लोक जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे किचकट. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाव ढोबळ आहेत, गाडीप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतील.

१. पार्ट स्वस्त असेल तर नुकसानही लहानच होणार ना?

पार्टची किंमत आणि त्याच्यावरची जबाबदारी यांचा काहीही संबंध नसतो. रेडिएटरचं झाकण २००-३०० रुपयांना मिळतं. त्याची स्प्रिंग सैल पडली की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू बाहेर जातं, एखाद्या दिवशी घाटात पाणी उकळतं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं आणि हेड गॅस्केट (त्याच्या खालचं पॅकिंग) उडतं. मग हेड लेथवर, पॅकिंग सेट, नवीन ऑइल, मजुरी. बिल पाच आकडी. त्या बिलात नवीन झाकण बहुतेक वेळा नसतंच. म्हणून काही महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा.

दुसरं कारण असं की अशा पार्टवर कुणाचा संशयच जात नाही. सर्व्हिसच्या यादीत ऑइल, फिल्टर, प्लग असतात. अर्थची पट्टी (प्रश्न ७) किंवा व्हॅक्यूमचा पाइप (प्रश्न ८) नसतो. यात सगळा दोष मेकॅनिकचा नाही. गाडी दोनदा बंद पडली की मालकच म्हणतो, ‘काय ते मोठं बदला आणि एकदाचं संपवा.’

२. गाडी आत्ता नीट चालते. तरी काय बघून ठेवू?

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरचे वरचा-खालचा आणि हीटरचे होज पाइप बोटांनी दाबा. दगडासारखे कडक, लिबलिबीत किंवा टोकाशी फुगलेले असतील तर बदला. क्लिपांच्या आसपास हिरवट-पांढरे डाग दिसले तर तिथून कूलंट पाझरतं आहे. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-निळी भुकटी साचली असेल तर गरम पाण्याने धुऊन घासून घ्या. मग गाडीखाली वाकून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचे रबरी बूट बघा (प्रश्न १०). टायरचे व्हॉल्व्ह बोटाने वाकवून बघा (प्रश्न ११). एवढ्याला अर्धा तास पुरतो.

३. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकणच ना? ते खराब कसं होईल?

ते नुसतं झाकण नाही, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. पहिला प्रेशरचा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा दाब होईपर्यंत तो बंद राहतो. मोकळ्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बार दाबाखाली त्याला सुमारे ११९ अंश लागतात. कूलंट मिसळलं की त्याहून जास्त. थोडक्यात, तुमच्या इंजिनाची १९-२० अंशांची सगळी सवलत त्या एका स्प्रिंगवर उभी आहे. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे मोकळं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं. झाकण मेलेलं असेल तर नेमकी चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उकळते ती यामुळे.

दुसरा व्हॉल्व्ह उलट्या दिशेचा. इंजिन थंड होताना तो बाजूच्या बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढतो. तो चिकटला तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं दिसतं. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तरी तीच खूण. लोक बाटली भरलेली बघून निश्चिंत राहतात; जुन्या गाडीत थंड इंजिनावर झाकण उघडून आत बघायला हवं.

गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. फडकं टाकून, हळूच, थोडंसं, असंही नाही. उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं.

बदलताना आकडा तोच घ्या. ०.९ च्या जागी १.१ टाकून ‘जास्त मजबूत’ काही होत नाही, जुना रेडिएटर आणि पाइप मात्र फुटतात.

४. आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग कूलंट कशाला? नळाचं पाणी का चालत नाही?

कूलंटचं गोठण्यापासून वाचवण्याचं काम महाराष्ट्रात फारसं लागत नाही, हे खरं. पण त्यातली गंजरोधक द्रव्यं लागतात. बोअरचं जड पाणी घातलं की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात आणि आतून लोखंड गंजतं.

गंजाचा पहिला बळी म्हणजे कोअर प्लग. इंजिन ब्लॉकच्या बाजूला नाण्यासारख्या गोल, पातळ पत्र्याच्या टोप्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या. एक टोपी किरकोळ पैशांत मिळते. ती आतून कुजली की सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि पाणी कुठून जातं तेच कळत नाही. समोर असली तर काम सोपं. गिअरबॉक्सच्या मागे असली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिथे पार्टपेक्षा मजुरीच कितीतरी पट होते.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्या आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. वाटेत अडचण आली तर बाटलीबंद पाणी घालून घरी या, पण नंतर ते काढून नीट भरून घ्या.

५. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही. ऐकू का?

नको. हा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो आणि तो कार्ब्युरेटरच्या काळातून उरलेला आहे. तेव्हाही तो बरोबर नव्हताच.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेतला व्हॉल्व्ह. तो साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर इंजिन लवकर तापू देतो. तो नसला तर गाडी सकाळी कितीतरी वेळ थंडच धावते. इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (पेट्रोल मोजून सोडणारा संगणक) मग समजतो की इंजिन अजून गरम व्हायचं आहे, आणि पेट्रोल जास्त सोडत राहतो. अव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, पीयूसीला गाडी नापास होते. थंड इंजिनात ऑइलमधली वाफ उडून जात नाही, म्हणून ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. ती बघून कुणीतरी ‘हेड गॅस्केट गेलं’ असं सांगतं आणि गाडी उगाच उघडली जाते.

थर्मोस्टॅट काढल्यावर गरम होणं थांबलं, तर दोनच शक्यता. एकतर तो खरंच अडकलेला होता, मग नवा टाका. पार्ट काही शेकड्यांत मिळतो. नाहीतर रेडिएटर आतून अर्धा चोंदला आहे आणि ते दुखणं झाकलं गेलं आहे. एप्रिल-मेमध्ये ते पुन्हा वर येईल.

६. हायवेला तापमानाचा काटा ठीक असतो, सिग्नलला उभी राहिली की वर चढतो. कशामुळे?

पंखा. गाडी धावत असताना वारा आपोआप मिळतो, उभी राहिल्यावर पंख्यावरच सगळं असतं. इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा किंवा कंडेन्सरचा पंखा फिरायला हवा. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरला आणि एरवी फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे. दोष तापमानाच्या स्विचमध्ये, सेन्सरमध्ये किंवा रिलेमध्ये (करंट जोडणारा छोटा विजेचा स्विच). अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, आणि शेवटी मोटर. बिल मात्र बऱ्याचदा मोटरपासून सुरू होतं.

उलट, सिग्नलला ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम, असं असेल तर पंख्याला हात लावू नका. पाण्याचा प्रवाह अडला आहे: थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा रेडिएटर.

ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे नको वाटेल, पण थोडी उष्णता आत ओढली जाते आणि बाजूला घेण्याएवढा वेळ मिळतो. काटा लाल रेषेला टेकला की मात्र इंजिन बंद.

७. बॅटरी नवीन, स्टार्टर दुरुस्त केला, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. आता काय?

आता अर्थची पट्टी. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड केबल इंजिनला किंवा गिअरबॉक्सला जाते, दुसरी बॉडीला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून जवळजवळ सुटंच. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो आणि तो सगळा करंट याच वाटेने परत यायला हवा. बोल्टखाली गंज चढला, पट्टीच्या तारा आतून तुटल्या, किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर कुणी पट्टी परत लावलीच नाही, की वाट बंद.

मग करंट दुसरी वाट धरतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं जे काही धातूचं असेल ते: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. सेल्फ मारताना ती केबल तापते, आतलं अस्तर वितळतं आणि केबल जाम होते. ‘क्लच केबल सारखी का जाते?’ हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी पाठवला, त्यांनी आधी अर्थ तपासावा.

बाकी खुणाही विचित्र असतात. हेडलाइट लावला की तापमानाचा काटा हलतो. इंडिकेटर दिला की टेपमध्ये टकटक येते. ब्रेक दाबला की दुसराच दिवा मिणमिणतो. वायरिंगवाले यावर अख्खा हार्नेस (वायरींची जुडी) बदलायला सांगतात.

तपासणी सोपी आहे. साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवा, क्लिपवर नव्हे. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थ चांगली. ०.५ च्या वर गेला तर दोष सापडला. बोल्ट खोला, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टी नवी टाका, वरून थोडं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी हे दर पावसाळ्यानंतर बघितलेलं बरं.

जाता जाता तीन आकडे लिहून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको. हे तिन्ही ठीक असताना बॅटरी बदलायला निघाला असाल तर थांबा.

८. आयडलिंग (पाय न देता इंजिन फिरण्याचा वेग) खालीवर होतं आणि ब्रेकही कडक लागतो. दोन वेगळे दोष आहेत का?

बहुतेक एकच. इंजिनच्या हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरला (पायाच्या जोरात भर घालणारा डबा) एक जाड रबरी पाइप जातो, त्यात एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. पाइपला चीर गेली की बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून पेडल कडक. आणि त्याच चिरेतून फुकटची हवा इंजिनात शिरते, म्हणून आयडलिंग नाचतं.

घरी करून बघा: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पाय किंचित खाली जायला हवा. गेला नाही तर पाइप, व्हॉल्व्ह किंवा बूस्टर, याच क्रमाने तपासायचं. बूस्टर सगळ्यात महाग, म्हणून तो शेवटी.

बाकीच्या बारीक व्हॅक्यूम पाइपांसाठी इंजिन सुरू ठेवून जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) आणि वायरिंग टाळून. आयडलिंग बदललं तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल वापरतात. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणाऱ्याच्या जवळपास उभं राहू नका.

९. ऑइल सील दोनदा बदलले, तरी गळती थांबत नाही. सील डुप्लिकेट होते का?

असतीलही. पण आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. पिस्टनच्या फटींतून थोडा वायू खालच्या भागात उतरत असतो. तो परत इंजिनात ओढून घेण्यासाठी हा बोटभर लांबीचा व्हॉल्व्ह असतो. काजळीने तो बुजला की आत दाब साचतो आणि ऑइलला जिथे वाट मिळेल तिथून ढकलतो. मागचं सील, पुढचं सील, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग. नवं सील टाकलं तरी दाब तसाच असतो.

ज्या गाड्यांत प्लग खोल विहिरीत बसतात, तिथे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल विहिरीत उतरतं. प्लगची टोपी भिजून फुगते, गाडी मिसिंग करते (झटके देत चालते) आणि मग कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज बनवणारा भाग) बदलली जाते. कॉइलआधी पॅकिंग.

व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आत खुळखुळ वाजला पाहिजे. काही गाड्यांत व्हॉल्व्हऐवजी नुसतं बारीक छिद्र आणि पाइप असतो, तिथे तो साफ करणं हेच काम.

१०. वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो. पूर्ण अ‍ॅक्सल बदलावा लागेल?

आवाज येऊ लागला असेल तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेला, उशीर झाला. पण सुरुवात होते ती रबरी बुटापासून. तो फाटला की आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला शिंतोड्यांसारखं उडतं आणि रस्त्यावरचा चिखल आत जातो. त्या अवस्थेत पकडलं तर बूट, क्लिपा आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. खरीपाच्या दिवसांत गावाकडच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला फाटक्या बुटावर महिना काढणंही अवघड.

बॉल जॉइंट (चाकाला धरून ठेवणारा सांधा) आणि टाय रॉडच्या (स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांच्या छोट्या टोप्यांनाही हेच लागू. फरक एवढाच की बॉल जॉइंट निखळला तर चाकच आडवं पडतं.

११. टायर नवे, तरी एका चाकाची हवा कमी होते. पंक्चर सापडत नाही.

टायर बदलताना व्हॉल्व्ह जुनाच ठेवला असणार. ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह म्हणजे रबराचा दांडा, किंमत अगदी किरकोळ. वर्षानुवर्षं उन्हात राहून तो तळाशी चिरतो. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, चाक जोरात फिरलं की दांडा बाहेरच्या बाजूला वाकतो आणि चीर उघडते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात, तापलेल्या काँक्रीटवर, हा दांडा सुटला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

नवा टायर म्हणजे नवा व्हॉल्व्ह, हे दुकानात उभं राहून करून घ्या. टायरचं वयही तिथेच बघा: कडेवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

१२. पावसाळ्यात पुढच्या सीटखालचं मॅटिंग ओलं होतं. दाराचं रबर बदललं, उपयोग झाला नाही.

पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीमागे एक पन्हळ असते. तिची भोकं पानांनी बुजतात. गुलमोहराची बारीक पानं यात पटाईत. पन्हळ भरली की पाणी ब्लोअरमधून आत. पुष्कळ गाड्यांत ईसीयू आणि जोडण्या डॅशबोर्डखाली, पायांपाशीच असतात. भोकं साफ करायला पैसे लागत नाहीत. भिजलेल्या ईसीयूचं बिल मात्र जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास पोहोचू शकतं.

पाणी फक्त एसी चालवल्यावर येत असेल तर एसीची निचरा नळी बुजली आहे. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत कुंभारमाशी तिथे मातीचं घरटं करते. मुलं परदेशी आणि गाडी पार्किंगमध्ये, अशा घरांतून ही तक्रार हमखास येते. चिकट, गोडसर वासाचं पाणी असेल आणि काच आतून तेलकट धूसर होत असेल, तर ते कूलंट आहे. हीटरची जाळी गळते आहे.

उंदरांबद्दल बरेच विचारतात. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवण्याचा उपाय काही दिवस चालतो, वास गेला की उंदीर परत. गाडी दोन-तीन दिवसांआड हलवणं आणि पार्किंगमध्ये खरकटं न ठेवणं जास्त कामाचं.

१३. गाडी २००८ ची आहे आणि पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. काय बदलू?

इंधनाचे रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा आणि फिल्टर. २० टक्के इथेनॉलसाठी न बनवलेलं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. शिवाय टाकीत जमलेला वर्षांचा गाळ इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून बदलानंतर पहिला फिल्टर लवकर चोंदू शकतो.

पाइप घेताना काटकसर नको. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधनाचा दाब नाममात्र असतो, इंजेक्शनच्या गाडीत साधारण ३ बार. दुकानदार मीटरवर कापून देतो तो साधा पाइप इंजेक्शनला लावला तर गरम इंजिनावर पेट्रोलची पिचकारी उडते. इंजेक्शनसाठीचा, इथेनॉल चालणारा, छाप असलेलाच पाइप मागा. बॉनेटमधून पेट्रोलचा वास आला तर ‘उद्या बघू’ नाही, गाडी तिथेच बंद.

इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर पावसाळ्यात तेही बदला. महिनोन्महिने उभ्या गाडीत टाकी काठोकाठ जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नका.

१४. एक चाक तापतं आणि गाडी ओढल्यासारखी चालते. कॅलिपर (चाकावरचा ब्रेक दाबणारा भाग) बदलायला सांगितलं आहे.

थांबा, आधी ब्रेकचा रबरी होज बघा. तो बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून सुजून त्याचं भोक बारीक होतं. पायाच्या जोराने फ्लुइड पुढे जातं, परत यायला मात्र जागा नसते. चाक सुटत नाही. मेकॅनिकला सांगा: चाक जाम असताना कॅलिपरचा ब्लीड निपल (फ्लुइड काढायची छोटी तोटी) सैल कर. चाक तरीही जामच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना. चाक मोकळं झालं तर दाब कोंडला होता. निपल बंद करून पुन्हा जाम झाल्यावर होजच्या वरचा जोड सैल करून बघायचा. तिथे मोकळं होत नसेल तर होजच दोषी.

पिनाच कोरड्या पडल्या असतील तर साफसफाई आणि योग्य ग्रीस एवढंच काम. फ्लुइडही दर दोन वर्षांनी. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना पेडल स्पंजसारखं का झालं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

१५. पेट्रोलवर गाडी मस्त, सीएनजीवर मिसिंग. किट खराब?

किटआधी प्लग आणि प्लगच्या वायरी. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर लपून राहिलेली कमजोर वायर सीएनजीवर उघडी पडते. प्लगची फट पेट्रोलपेक्षा किंचित कमी ठेवावी लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा. वायरींवर निळ्या ठिणग्या दिसल्या तर काम झालं. हात लावू नका.

१६. बारा वर्षांत फक्त ४० हजार किलोमीटर झाले आहेत. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारा पट्टा) आत्ताच बदलायचा?

हो. रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षांनीही कडक होतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. आणि बेल्टबरोबर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची बेअरिंगही बदला. नव्या बेल्टवर जुनी बेअरिंग ठेवून वाचवलेले पैसे, ती जाम झाल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून परत घेते. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर तोही उघडला असतानाच.

स्विफ्टचं १.३ डिझेल किंवा मारुतीची के सिरीज यांत बेल्टऐवजी साखळी आहे, त्यांना हा प्रश्न लागू नाही. त्यांचा शत्रू म्हणजे कमी किंवा जुनं ऑइल.

१७. गाडी तापली की अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ठणठणीत!

सगळ्यात जास्त पैसे खाणारा दोष हाच, कारण तो कुणाला दाखवता येत नाही. म्हणून तपासणी ती बंद पडलेली असतानाच, रस्त्याच्या कडेला व्हायला हवी.

चावी ऑन करा. मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का? नसेल तर पंपाचा रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा. पंप वाजतो पण गाडी घेत नाही, तर इंजेक्शनच्या गाडीत संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरत असल्याचं ईसीयूला कळवणारा). तो तापला की सिग्नल सोडतो, थंड झाला की परत शहाणा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर संशय बळावतो. डिस्ट्रिब्यूटरच्या जुन्या गाडीत हेच नाटक कॉइल करते. ओलं फडकं कॉइलच्या बाहेरच्या डब्यावर ठेवून गाडी लवकर सुरू झाली तर कॉइल.

पंप नवा घालायच्या आधी हे सगळं करा.

१८. ऑइलचा लाल दिवा लागला. कुणी म्हणतं, त्या दिव्याचा स्विच खराब असतो, चालव बिनधास्त.

स्विच खराब असू शकतो हे खरं. चालव हे चूक. इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिकने पातळी बघा. पातळी ठीक असेल तर गाडी ओढत न्या आणि स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजून घ्या. दाब बरोबर आला तर स्विच बदला, आनंदाने. या एकाच ठिकाणी स्वस्त कारणावर आधी विश्वास ठेवायचा नाही.

पातळी कमी आढळली तर ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या बोल्टचा) वायसर बघा. तो एकदाच वापरायचा असतो, पण बरेच जण तोच पुन्हा लावून बोल्ट जास्त आवळतात. मग ऑइलच्या भांड्याचे (संपचे) आटे जातात.

१९. स्कॅनर लावला तर सगळं कळत नाही का?

काही कळतं. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवायची सोय) टप्प्याटप्प्याने आलं, बीएस ४ बरोबर २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा. त्याआधीच्या गाडीत स्वस्तातला अडॅप्टर काही वाचेलच असं नाही.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, हे लक्षात ठेवा. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो आणि कारण निघतं प्रश्न ८ मधला पाइप. ‘पी ०१२८’ आला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कुणीतरी काढला आहे, म्हणजे प्रश्न ५.

२०. ओरिजिनलच घ्यायचं की लोकल चालेल? भंगारातलं?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर इथे जुन्या गाड्यांचे बहुतेक पार्ट मिळतात. माझा हिशेब असा: रबर, सेन्सर, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि ब्रेकचं काहीही, ओरिजिनल किंवा नावाजलेल्या उत्पादकाचं. ब्रॅकेट, क्लिपा, दाराचे हँडल लोकल चालतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं गिअरबॉक्स किंवा दार जरूर घ्या, जुना होज पाइप किंवा बेल्ट फुकट दिला तरी नको.

२१. प्रश्न पाठवताना काय काय लिहू?

गाडीचं मॉडेल आणि वर्ष, पेट्रोल की डिझेल की सीएनजी, किलोमीटर. दोष थंडीत येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की धावत्या, पावसात की एरवी. त्याच्या आधीच्या महिनाभरात गाडीचं कोणतं काम झालं, अगदी टेप बसवला असेल तरी. आणि आत्तापर्यंत काय काय बदललं. व्होल्टचे तीन आकडे (प्रश्न ७) दिले तर उत्तर लवकर मिळेल. ‘गाडी बरोबर नाही, काय करू’ एवढंच लिहिलेल्या निरोपाला उत्तर देता येत नाही.